उंदरांचा निर्णय संघावर बंधनकारक राहील

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमच्याकडे दिसेल ती गोष्ट सहकारी होत चालली होती. बियाणं सहकारी, खत सहकारी, भांडणंसुद्धा सभासदांनाच करता येत. नांदुऱ्याहून मोटारीनं थोडं आत गेलं की आमचा सहकारी जिनिंग संघ लागायचा. तिथे मी चिटणीस होतो. म्हणजे अध्यक्ष वऱ्हाडीत बोलायचे आणि मी ते सरकारी मराठीत लिहून काढायचो. या कामात दोन्ही भाषांचं जे नुकसान झालं असेल त्याची जबाबदारी संघावर आहे.

अध्यक्षांचं नाव भगवंतराव. जमीन भरपूर, मिशा बेताच्या, आणि प्रकृती अत्यंत नाजूक. म्हणजे दिसायला ते कापसाच्या एखाद्या गठाणीसारखे होते, पण स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांना फार आदर होता. मे महिन्यात मफलर, उकळलेलं पाणी, आणि एक शिंक आली की मोटार काढून अकोल्याला. अकोल्याच्या डॉक्टरांनी कधी काही सापडलं नाही असं सांगितलं, तर ते डॉक्टर बदलायचे.

संघाच्या मोठ्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना रेचे होते. रेच्यात कापूस घालायचा, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते. कापूस घालायला रेच्यापाशी एकेक बाई बसे. जी धूळ, भुकटी आणि तूस उडे, ती ना रुईत मोजली जाई ना सरकीत. ती बायांच्या छातीत जायची आणि तिथे तिची नोंद कोणी ठेवत नव्हतं.

या बायांच्या म्होरक्या मनकर्णाबाई. वरवट बकालच्या. हंगामात बहिणीकडे राहून कामाला येत. मनकर्णाबाईंची एकच मागणी होती : हॉलच्या मागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक मोठा पंखा बसवा. ही मागणी त्या दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा करायच्या. त्या वर्षी मात्र रोजच करू लागल्या होत्या, कारण त्यांना रात्री उशाला तीन वाकळा घेतल्याशिवाय श्वास घेता येईनासा झाला होता.

"अध्यक्षसाहेब, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तं छाती अशी आवळते, जसं कोनी दावं बांधलं."

बाजाराच्या दिवशी हॉल बंद असे. गंमत अशी, की सुट्टीनंतर कामावर आल्या की त्याच दिवशी सगळ्या बायांना जास्त खोकला. इतर दिवशी थोडा सैल. यावर मुकादम पुंजाजीचा एक सिद्धांत होता.

"भजे!" पुंजाजी म्हणायचा. "बाजारात जातेत, तेलातले भजे हानतेत, आन दुसऱ्या दिवशी खोकलतेत. त्याले पंखा काय करन?"

अध्यक्षांना हा सिद्धांत एकदम पटला. तो बिनखर्चाचा होता.

अशा वेळी नागपूरच्या कॉलेजातून डॉ. अच्युत लिमये आमच्याकडे आले. मूळचे पुण्याचे, अंगानं काडीसारखे, आणि बोलायला लागले की वाक्य पूर्ण करूनच थांबायचे. आमच्याकडे ही सवय नाही. त्यांना कापसाच्या धुळीचा छातीवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी नांदुऱ्याच्या स्टेशनावर दोन पेट्या उतरवून घेतल्या. हमालाला वाटलं पेढे आहेत. पेट्यांत पांढरे उंदीर होते.

"आमच्या गावात उंदरं कमी हायेत काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे वेगळे आहेत," डॉक्टर म्हणाले. "एका जातीचे, एका वयाचे, एका वजनाचे. अर्धे हॉलमध्ये ठेवायचे, अर्धे स्वच्छ हवेत. खाणं दोघांचं सारखं. काही आठवड्यांनी दोघांच्या फुप्फुसांची तुलना करायची. हॉलमधल्यांच्याच फुप्फुसांना सूज आली, तर ती धुळीनं आली."

"बाया भजे खातेत त्याचं काय?"

"उंदीर भजी खात नाहीत."

अध्यक्षांनी मान डोलावली. पुंजाजीचा सिद्धांत तपासायला याहून सरळ मार्ग नव्हता, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. शिवाय पंख्याचा प्रश्न रोज मनकर्णाबाईंच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तो उंदरांवर सोपवणं सोयीचं होतं. उंदीर काही मतदार नव्हते.

"उंदरायची छाती खराब निघाली तं पंखा," त्यांनी सभेत जाहीर केलं. "नाई निघाली तं पुन्हा कोनी पंख्याचं नाव काढाचं नाई. लिहा."

मी लिहिलं : 'पंख्याच्या बाबतीत उंदरांचा निर्णय संघावर बंधनकारक राहील.' सूचक पुंजाजी, अनुमोदक सगळे. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. टाळ्या वाजवता वाजवता मनकर्णाबाईंना खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेली होती.

आता स्वच्छ हवा कुठे शोधायची हा प्रश्न आला. खताच्या खोलीत डॉक्टरांनी आपली प्रयोगशाळा मांडली होती, पण तिथला वास असा होता की खुद्द डॉक्टर दर थोड्या वेळानं बाहेर येऊन उभे राहत. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "संघात शुद्ध हवा एकाच जागी हाय. माह्या ऑफिसात."

हॉलला लागून असलेल्या त्यांच्या ऑफिसाच्या खिडक्यांना दुहेरी पडदे होते आणि दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. तिथे एक पिंजरा गेला. दुसरा हॉलमध्ये, मनकर्णाबाईंच्या रेच्याजवळ. गावच्या टीनवाल्यानं बनवलेले दोन्ही पिंजरे हुबेहूब सारखे, म्हणून डॉक्टरांनी हॉलमधल्या पिंजऱ्यावर लाल पत्र्याची पाटी अडकवली आणि ऑफिसातल्यावर हिरवी. दाणापाणी करायचं काम मनकर्णाबाईंनी मागून घेतलं. पंखा ज्यांच्या हातात, त्यांची बडदास्त आपल्या हातात असलेली बरी, असा त्यात विचार होता.

डॉक्टरांनी त्यांना समोर उभं करून बजावलं. "मनकर्णाबाई, मी नागपूरला जाऊन-येऊन असणार. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाल पाटी हॉलमध्ये आणि हिरवी पाटी ऑफिसात. काही झालं तरी पाट्यांची अदलाबदल होता कामा नये."

"नाई होनार," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाटीले कोनी हात लावला तं मले म्हना."

आणि शेवटपर्यंत एकाही पाटीची जागा बदलली नाही, हे मी आजही सांगू शकतो.

हंगाम जोरात आला. अध्यक्षांना उंदरांचा लळा लागला. ते सकाळी आले की आधी पिंजऱ्यापाशी जात, खिशातून शेंगदाणे काढत आणि दोन बोटांनी आत सोडत. "पाहा कसे चमकून राह्यले," ते आलेल्या माणसाला दाखवायचे. "हे माह्या हवेचे." बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना उंदीर जरा मळके आणि सुस्त वाटत. त्याचंही कारण त्यांनीच शोधलं : सुट्टीनंतर कोणाचंच कामात मन लागत नाही.

डॉक्टर आले की खताच्या खोलीच्या खिडकीत सूक्ष्मदर्शक ठेवत आणि त्याच्या आरशात ऊन पकडत. ते काय करणार आहेत याबद्दल गावात बरीच चर्चा होती. त्यांनी नागपूरहून निघण्याआधी त्याच जातीच्या काही उंदरांची फुप्फुसं तपासून ठेवली होती, म्हणजे निरोगी उंदीर कसा असतो ते ठाऊक असावं म्हणून. त्याची रीत त्यांनी अध्यक्षांना समजावून सांगितली तेव्हा मीही तिथे होतो.

"उंदराला औषधाच्या वाफेनं कायमचं झोपवतो. मग त्याच्या श्वासनळीत बारीक नळी घालून मिठाचं कोमट पाणी आत सोडतो आणि परत ओढून घेतो. फुप्फुस धुऊन निघालेलं ते पाणी काचेवर घेऊन त्यातल्या पेशी मोजतो. सूज असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात."

"जसं चहा आला की संचालक मंडळ," अध्यक्ष म्हणाले.

"तसंच. दुसऱ्या काही उंदरांची फुप्फुसं न धुता आधी काट्यावर ठेवतो. सुजलेलं फुप्फुस जड भरतं. मग औषधात मुरवून, मेणात बसवून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो. त्यांना निळा-गुलाबी रंग देतो आणि सूज किती ते पाहून अधिकची खूण करतो. सूज नसली तर काही नाही. थोडी असली तर एक अधिक. फार असली तर चार अधिक."

"चार अधिक म्हंजे पयला नंबर?"

"म्हणजे सगळ्यात वाईट."

"हे उलटं हाय," अध्यक्ष म्हणाले, पण त्यांनी विषय वाढवला नाही.

बायांमध्ये वेगळीच कुजबुज होती. झुंबरबाई मनकर्णाबाईंच्या शेजारच्या रेच्यावर बसे. तिची जीभ रेच्याच्या पट्ट्यासारखी, एकदा चालू झाली की कोणीतरी बंद करेपर्यंत थांबायची नाही. "ऐकलं काय व मनकर्णे?" ती म्हणाली. "आपली छाती धुवाले सरकारजवळ पानी नाई, आन उंदरायची धुऊन राह्यले. पुढच्या जल्मी शेपूट मागून घेजो."

महिना उलटून गेल्यावर डॉक्टरांनी दोन्ही पिंजरे खताच्या खोलीत नेले. प्रत्येक पिंजऱ्यातला एकेक उंदीर त्यांनी मागे ठेवला, बाकीच्यांचं सगळं झालं. मेणाचे ठोकळे घेऊन ते नागपूरला गेले आणि रंगवलेल्या काचा घेऊन परत आले. सभेच्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई राहिलेल्या दोन उंदरांना दाणे घालायला गेल्या, तेव्हा मीही सभेची वेळ सांगायला तिथे पोचलो होतो. डॉक्टर खताच्या पोत्यावर बसले होते आणि त्यांचा चष्मा हातात होता.

"काय झालं जी?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"दोन्ही सारखे," डॉक्टर म्हणाले. "लाल आणि हिरवे. पेशी सारख्या. वजन सारखं. काप पाहिले, दोन्हीकडे दोन-दोन, तीन-तीन अधिक. काही फरक नाही. मी पुन्हा मोजलं. हॉलमधले आणि ऑफिसातले, कोणते कुठले ते ओळखू येत नाही."

मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला.

"मंग चांगलंच झालं न! कोनावर अन्याव नाई झाला. मी झुंबरीले म्हनलंच होतं, पाळी बराबर ठेवली तं कोनाले कमी-जास्त होनार नाई."

डॉक्टरांनी चष्मा लावला. "कसली पाळी?"

आता ही पाळी काय ते सांगायला हवं. हॉलच्या दाराजवळचा रेचा सगळ्यात चांगला, कारण तिथे बाहेरची हवा लागते. मागच्या भिंतीजवळचा सगळ्यात वाईट. म्हणून बायांनी आपसात एक रीत पाडली होती. दर बाजार झाला की प्रत्येकीनं एक रेचा पुढे सरकायचं. आज भिंतीजवळ असली, तर कधी ना कधी दाराजवळ येणारच. ही रीत संघानं केलेली नव्हती, म्हणूनच ती चालायची. रेच्यावर नंबराची पाटी असे. बाई बदले, पाटी जिथल्या तिथे राही.

"बाजार झाला की सकाळी अध्यक्षसाहेब याच्या आधी आमी पिंजरे बदलो," मनकर्णाबाई सांगत होत्या. "त्या बिचाऱ्यायनंच काऊन सगळा कचरा खावा? आन यायनंच काऊन शेंगदाने खावे? जीव तं सारखाच हाय. एक हप्ता हे कामावर, एक हप्ता ते. झुंबरी त्यायले पदरानं झटकून देये, म्हंजे अध्यक्षसाहेबाच्या टेबलावर कचरा नाई पडाचा."

"पण पाट्या?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "मी सांगितलं होतं पाट्या..."

"पाटीले कोनी हात नाई लावला!" मनकर्णाबाई दुखावल्या. "काढून जिथल्या तिथं लावली, बास. लाल हॉलात, हिरवी ऑफिसात. पाटी जागेची असते जी. उंदराची कशी असन?"

बोलण्यासारखं एक वाक्य डॉक्टरांकडे होतं असं दिसत होतं, पण ते पूर्ण होण्यासारखं नव्हतं. मग ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही पिंजऱ्यांनी अर्धी-अर्धी धूळ खाल्ली. प्रयोग फुकट गेला. आणि मनकर्णाबाई, दोन्ही सारखे निघाले म्हटल्यावर अध्यक्ष म्हणणार, धुळीनं काही होत नाही. पंखा गेला."

मनकर्णाबाईंच्या हातातले दाणे तसेच राहिले. त्यांनी आधी उंदरांकडे पाहिलं, मग हॉलकडे. तिकडे रेचे सुरू होण्याआधीची झाडलोट चालली होती आणि दारातून पांढरा धूर निघावा तशी भुकटी बाहेर येत होती.

"म्या माह्या हातानं घालवला," त्या म्हणाल्या. पुढे त्यांना खोकला आला. मी पाण्याचा लोटा आणेपर्यंत त्या पोत्याला धरून उभ्या होत्या.

अध्यक्षांच्या ऑफिसात भरलेल्या सभेला संचालक मंडळ पूर्ण हजर होतं, चहा असल्यामुळे. बायांना दाराशी उभं राहायची परवानगी होती. अध्यक्षांनी मफलर सारखा केला.

"बोला डाक्टर. आमचे उंदरं काय म्हनतेत?"

डॉक्टर उभे राहिले. "लाल आणि हिरव्या पाटीच्या उंदरांच्या फुप्फुसांत काहीही फरक आढळला नाही."

टाळ्या पुंजाजीनं सुरू केल्या. "मी म्हनलंच होतं! भजे!"

अध्यक्षांनी हात वर केला. पराभूतांशी ते नेहमी सौम्यपणे वागायचे. "मनकर्णाबाई, आता उंदरायनंच सांगतलं. हॉलातले आन माह्या ऑफिसातले सारखे. कचऱ्यानं काई होत नाई. लिहा चिटणीस."

मी टाक उचलला.

"सारखे म्हणजे," डॉक्टर म्हणाले, कारण त्यांना वाक्य पूर्ण करायची सवय होती, "सारखेच खराब."

टाक तसाच राहिला.

"खराब?" अध्यक्षांनी विचारलं. "कोनाचे?"

"दोन्हींचे. नागपूरहून निघतानाच्या उंदरांची फुप्फुसं स्वच्छ होती. त्यांचं पाणी आरपार दिसत होतं. इथलं पाणी ताकासारखं गढूळ आलं."

"नागपूरचे उंदरं आमच्या संघाचे सभासद नाईत," अध्यक्ष म्हणाले, पण आवाज थोडा खाली आला होता. "माह्या पिंजऱ्यातले? हिरवे? ज्यायले मी शेंगदाने देत होतो?"

"हिरव्या पाटीचे. दोन ते तीन अधिक."

"चार पैकी?"

"चारपैकी."

अध्यक्षांनी मफलर सैल केला आणि लगेच परत आवळला. त्यांचा उजवा हात नकळत छातीवर गेला. दुहेरी पडद्यांतून उन्हाची एक तिरीप येत होती आणि तिच्यात भुकटीचे कण तरंगत होते. ते तिथे रोजच असणार. अध्यक्षांनी ते आज पहिल्यांदा पाहिले.

"पण यात एक घोटाळा झालेला आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्यासारखा सज्जन माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला. "हा निष्कर्ष तसा धरता येणार नाही. पिंजऱ्यांची जागा दर आठवड्याला बदलली जात होती. त्यामुळे ऑफिसातले उंदीर हे नेहमी ऑफिसातले नव्हते."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे दुःखानं पाहिलं. अकोल्याचे डॉक्टर असंच करायचे. काही नाही, काही नाही म्हणायचे.

"डाक्टर, मले घाबरू नका," ते म्हणाले. "मी अध्यक्ष असलो तरी खरं ऐकून घेईन. दडपू नका."

"मी दडपत नाही, मी शपथेवर सांगतो. मनकर्णाबाईंना विचारा."

अध्यक्ष दाराकडे वळले. "मनकर्णाबाई, देवाशपथ सांगा. माह्या ऑफिसातली हिरवी पाटी एक दिवस तरी दुसरीकडं गेली काय?"

मनकर्णाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग झुंबरबाईकडे. झुंबरबाई, आयुष्यात पहिल्यांदाच, काही बोलत नव्हती.

"पाटी?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "नाई साहेब. पाटी नाई गेली. देवाशपथ."

"लाल?"

"लालबी नाई."

"ऐकलं डाक्टर?"

"पण पाटीचा प्रश्नच नाही!" डॉक्टर ओरडले. "उंदीर बदलले होते! मनकर्णाबाई, सांगा ना, पिंजरे तुम्ही हलवले!"

"हाव, हलवले," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "झाडलोटीले हलवाच लागतेत. पाळीनं हलवले. मी खोटं कायले बोलू?"

"झाडलोट बरोबर हाय," अध्यक्ष म्हणाले. "स्वच्छता पायजेच."

डॉक्टरांनी आणखी तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी अध्यक्षांची खात्री आणखी पक्की होत गेली. एवढा शिकलेला माणूस इतक्या तळमळीनं आपल्याला धीर देतो आहे, म्हणजे आजार साधा नसणार. शेवटी ते उठले, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं मन चांगलं हाय." मग खाली बसून ते खोकलले. त्यांच्या खोकल्याला इतकी वर्षं जे मानाचं स्थान होतं, त्याला आज शास्त्राचा आधार मिळाला होता.

"चिटणीस, लिहा. पंखा मंजूर. मोठ्यातला मोठा. माह्या ऑफिसात बसवाचा."

दाराशी बायांमध्ये हालचाल झाली. हातातोंडाशी आलेला पंखा असा हॉलऐवजी ऑफिसात निघालेला पाहून झुंबरबाईला तोंड उघडावंच लागलं असतं. पण तिच्या आधी मनकर्णाबाई बोलल्या, आणि इतक्या काळजीनं बोलल्या की मला क्षणभर खरंच वाटलं.

"साहेब, एक विचारू? तो पंखा हवा ओढते न?"

"ओढते आन बाहेर फेकते."

"मंग इथं बसवला तं हॉलातला सगळा कचरा ओढून तुमच्या खोलीतूनच जाईन जी. आता थोडा थोडा येते. मंग सगळाच येईन. तुमच्या टेबलावरून, तुमच्या तोंडाम्होरून."

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"हे मात्र खरं आहे," डॉक्टर थकून म्हणाले. दिवसभरात त्यांचं हे एकच वाक्य लोकांनी जसंच्या तसं मान्य केलं.

"हॉलात बसवा!" अध्यक्ष गरजले. "मागच्या भिंतीत! एक नाई, दोन बसवा! एक कन इकडं येता कामा नये!"

मी लिहिलं : 'उंदरांचा निर्णय शिरसावंद्य मानून हॉलच्या मागील भिंतीत दोन पंखे बसविण्यात यावेत.' बायांनी मागितला होता एक.

पंखे आले, बसले. चालू केले त्या दिवशी हॉलमध्ये समोरच्या रांगेतली बाई ओळखू येऊ लागली. झुंबरबाईला म्हणे तोवर कल्पनाच नव्हती, की समोर इतकी वर्षं आपली नणंद बसत होती. भुकटी मागच्या भिंतीतून सरळ बाहेर जाई. बाहेर, त्याच दिशेला, मुकादम पुंजाजीची बसायची टपरी होती. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुंजाजी छाती धरून खोकलताना दिसला.

"भजे कमी खात जा, मुकादम," झुंबरबाई जाता जाता म्हणाली.

मनकर्णाबाईंच्या उशाच्या वाकळा हळूहळू कमी झाल्या. तीनवरून एकीवर आल्या. ती एक त्यांनी शेवटपर्यंत ठेवली, पण ती सवयीची होती असं त्या सांगत. मागे राहिलेले दोन उंदीर अध्यक्षांनी ठेवून घेतले. ते रोज सकाळी पिंजऱ्याला कान लावून उंदरांचा श्वास ऐकत, तो नीट असला तरच खुर्चीवर बसत.

डॉ. लिमयांचं काय झालं म्हणाल, तर त्यांनी कॉलेजात सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांचे प्रोफेसर म्हणाले, प्रयोग पुन्हा करा. म्हणून पुढच्या हंगामात ते परत आले. या वेळी उंदीर नवे, पाट्या पिंजऱ्याला झाळून पक्क्या केलेल्या, आणि पिंजरे भिंतीला साखळीनं बांधून वर कुलपं. किल्ल्या त्यांच्या जानव्याला. दाणे घालायला जाळीत फक्त एक भोक. मनकर्णाबाईंना याचं वाईट वाटलं, पण त्यांनी बोलून दाखवलं नाही.

महिना उलटून गेल्यावर त्यांनी फुप्फुसं धुतली, पेशी मोजल्या, काट्यावर वजनं केली, काप रंगवले. मनकर्णाबाई खताच्या खोलीत गेल्या तेव्हा ते त्याच पोत्यावर बसले होते आणि चष्मा हातात होता.

"काय झालं जी?"

"दोन्ही सारखे," डॉक्टर म्हणाले. "लाल आणि हिरवे. एकही अधिक नाही. पाणी आरपार दिसतं." त्यांनी मान वर केली. "मनकर्णाबाई, खरं सांगा. मी रागावणार नाही. कुलपं कशी उघडली?"

"म्या नाई उघडले जी," मनकर्णाबाई त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांना धीर यावा म्हणून ओच्यातले चार शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले. "आता कायले बदलाचं? हवाच दोन्हीकडं सारखी झाली. पंखे नाई पाह्यले काय तुमी?"

डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मागच्या भिंतीत दोन्ही पंखे फिरत होते. त्यांनी शेंगदाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"मग मी प्रोफेसरांना काय सांगू?"

"सांगा, का अन्याव कोनावरच नाई झाला," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि उठून कामावर गेल्या. त्या आठवड्यात त्यांची पाळी मागच्या भिंतीजवळच्या रेच्यावर होती. तिथे आता भुकटी उडाली की लगेच वरच्या पंख्यांत ओढली जायची, आणि ती जागा सगळ्यात चांगली समजली जात होती.